प्रश्न विचारणारा वर्ग आणि शाळेची तयारी

(संस्थाचालक, प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द घालण्याची चढाओढ आता महानगरांपुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणीही ते फलक दिसू लागले आहेत. नावात हा शब्द असणे आणि शाळेत एखादा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम प्रत्यक्ष चालू असणे या सर्वस्वी निराळ्या गोष्टी होत. पहिलीसाठी रंगारी पुरतो. दुसरीसाठी शाळेला काय काय सोसावे लागते, याचा विचार प्रवेशअर्ज छापण्यापूर्वी होणे अगत्याचे आहे.

असा कार्यक्रम म्हणून सर्वाधिक चर्चेत असतो तो 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' या संस्थेचा 'प्रायमरी इयर्स प्रोग्राम'. त्याची जन्मकथा थोडी पाहिली पाहिजे. राष्ट्रसंघाच्या कामानिमित्त जिनिव्हात आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी 1924 मध्ये तेथे एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. आज या देशात तर उद्या त्या देशात, अशी भ्रमंती करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना कोणत्याही देशाच्या विद्यापीठात प्रवेश मिळावा, या निकडीतून 1968 मध्ये 'आय.बी.' संस्था स्थापन झाली. म्हणजे आरंभी प्रश्न होता तो विद्यापीठप्रवेशाचा. माध्यमिक टप्प्याचा कार्यक्रम 1994 मध्ये आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा हा प्राथमिक कार्यक्रम 1997 मध्ये आला. भारतात या संस्थेशी पहिल्यांदा जोडली गेली ती कोडाईकनालची शाळा, 1976 मध्ये. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहणाऱ्या मुलांसाठी स्वीकारायची असेल, तर तिच्यातील मुलांच्या शिकण्याचा भाग कोणता आणि बाजाराचा भाग कोणता, हे निवडून घ्यावे लागते.

शिकण्याचा भाग मोलाचा आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. या कार्यक्रमात इयत्तावार पाठ्यपुस्तक नेमून दिलेले नसते. 'आपण कोण आहोत', 'स्थळकाळात आपण कोठे आहोत', 'आपण स्वतःला कसे व्यक्त करतो', 'जग कसे चालते', 'आपण आपली व्यवस्था कशी लावतो' आणि 'पृथ्वी वाटून घेताना' अशी सहा व्यापक सूत्रे असतात. प्रत्येक सूत्राखाली वर्षभरात एकेक घटक काही आठवडे चालतो. घटकाला एक मध्यवर्ती विचार असतो, शोधाच्या दोन-तीन दिशा असतात, आणि भाषा, गणित, विज्ञान, परिसर हे विषय त्या शोधाच्या गरजेप्रमाणे आत येतात. शेवटच्या वर्षी मुले स्वतः निवडलेल्या प्रश्नावर दीर्घ काम करून ते सर्वांसमोर मांडतात. मुलाने करून पाहत शिकावे हा विचार अर्थातच याहून जुना आहे. जॉन ड्युई यांनी शिकागोत 1896 मध्ये आपली प्रयोगशाळा-शाळा काढली ती याच विचाराने.

हे वर्गात कसे उतरते? समजा, चौथीचा वर्ग आहे. 'स्थळकाळात आपण कोठे आहोत' हे सूत्र आहे. चौथीत शिवचरित्र शिकलेल्या महाराष्ट्रातील मुलाला गडांची नावे, तह, लढाया यांची उत्तरे पाठ असतात. शिक्षक मात्र या वेळी उत्तर न सांगता एकच प्रश्न टाकतात : नदी पायथ्याला, विहीर पायथ्याला, मग गडावर माणसे पाणी काय पीत? कोणी म्हणते, खालून आणत असतील. मग हंड्यात किती पाणी मावते, चढायला किती वेळ लागतो, हा हिशेब सुरू होतो आणि थोड्याच वेळात तो मार्ग अवघड असल्याचे मुलांच्याच ध्यानात येते. सिंहगडावरच्या देवटाक्याचे पाणी प्यायलेले एखादे मूल वर्गात असतेच. टाके म्हणजे काय? ते कोणी खोदले? कशाने खोदले? निघालेला दगड कोठे गेला? हे प्रश्न भिंतीवरच्या कागदावर मुलांच्या अक्षरात लिहिले जातात.

पुढच्या आठवड्यात जवळच्या गडावर दोरी, मोजपट्टी घेऊन वर्ग जातो. टाके भरते सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर खोल. म्हणजे बहात्तर घनमीटर, 72 हजार लिटर. माणशी दिवसाला पिण्या-रांधण्यापुरते पाच लिटर धरले आणि गडावर शंभर माणसे मानली, तर रोज 500 लिटर. पाणी पुरते 144 दिवस. पण परतीचा पाऊस सरल्यापासून पुढचा पाऊस लागेपर्यंत जवळजवळ आठ महिने, म्हणजे 240 दिवस काढायचे असतात. वर्ग येथे अडतो. एक मूल म्हणते, गडावर शंभर माणसे नसतीलच. दुसरे म्हणते, टाकी एकाहून अधिक असतील. तिसऱ्याला आठवते की उन्हाने पाणी आटते, म्हणजे हिशेब आणखीच तुटीचा. तिन्ही म्हणणी विचारात घेण्याजोगी आहेत आणि तिन्ही तपासून पाहता येतात. गडावरची टाकी मोजायला पुन्हा जावे लागते. खोदून निघालेला काळा पाषाण तटाच्या बांधकामात वापरला जाई, हे कळल्यावर तटाच्या चिऱ्यांकडे मुले वेगळ्या नजरेने पाहू लागतात. बाराशे-तेराशे मीटर उंचीवर वर्षभर वस्ती टिकवणाऱ्या माणसांची बुद्धी काय दर्जाची होती, हे त्यांना कोणी ऐकवावे लागत नाही. त्यांनी ते मोजलेले असते.

या उदाहरणात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. लांबी, रुंदी आणि खोली गुणून घनफळ कसे काढायचे, हे त्या मुलांना टाक्याच्या काठावर आपोआप सुचणार नाही. ते शिक्षकांनी फळ्यावर, सरळ, पायरीपायरीने शिकवावे लागते, सरावही घ्यावा लागतो. मुलांना मोकळे सोडले की ती सारे शोधून काढतात, ही समजूत भाबडी आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या अभ्यासकांनी 2006 मध्ये एका गाजलेल्या लेखात हाच आक्षेप घेतला. नवशिक्याला फारसे मार्गदर्शन न करता शोध घ्यायला लावले, तर त्याची स्मरणशक्ती धडपडीतच खर्ची पडते आणि शिकणे बाजूला राहते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर 2007 मध्ये प्रत्युत्तरही आले : चांगल्या शोधवर्गात शिक्षकाचा आधार भरपूर असतो, तो काढून घेतलेला नसतो. या वादाचे तात्पर्य शाळांनी नीट घेतले पाहिजे. अशा वर्गात शिक्षकाचे काम कमी होत नाही, कित्येक पटींनी वाढते. कोणता प्रश्न वाढू द्यायचा, कोणता बाजूला ठेवायचा, कोठे थांबून शिकवायचे, हे त्याला घडोघडी ठरवावे लागते. त्यासाठी स्वतः त्या विषयात मुरलेले असावे लागते. गडाचा अभ्यास नसलेला शिक्षक त्या टाक्यापाशी मुलांइतकाच गोंधळेल.

म्हणूनच मान्यतेच्या अटींत शिक्षकांनी एकत्र बसून नियोजन करण्याचा वेळ वेळापत्रकातच राखून ठेवावा, असा आग्रह असतो. शाळेला आधी उमेदवार म्हणून काम करावे लागते, कार्यक्रमासाठी समन्वयक नेमावा लागतो, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे लागते, पाहणी होते. आणि मान्यतेनंतर दर पाच वर्षांनी पुनर्मूल्यमापन असते. शुल्क उमेदवारीच्या काळातही भरायचे आणि नंतर दरवर्षी. संस्थाचालकांची दृष्टी बहुधा शुल्काच्या आकड्यावर खिळते. खरे महाग असते ते नियोजनाचे ते तास. आठवड्याच्या सर्व तासिका भरलेला, वर परीक्षांचे तक्ते आणि स्नेहसंमेलनाची तयारी अंगावर असलेला शिक्षक सायंकाळी पाच वाजता कोणता शोध घेणार? त्याच्या तासिका कमी करायच्या तर आणखी शिक्षक नेमावे लागतात. तेथे बहुतेक अंदाजपत्रके मौन पाळतात.

आणि हे सारे परदेशी शिक्क्यावाचून होऊच शकत नाही काय? महाराष्ट्राच्या शेजारी झालेले एक काम पाहण्याजोगे आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात 1972 मध्ये सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि 'किशोर भारती' या संस्थांनी तो हाती घेतला. 1978 मध्ये तो जिल्हाभर गेला आणि 1982 पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. शाळा सरकारी, भाषा हिंदी, साहित्य स्वस्तातले, मुले खेड्यातली. मुलांनी प्रयोग करायचे, निरीक्षणे लिहायची, त्यांवर वाद घालायचा. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्यास मुभा होती, कारण विचारले जाई ते पुस्तकात आयते सापडणारे नसे. शिक्षक नियमित भेटत आणि अडलेले एकमेकांपुढे मांडत. विद्यापीठांतील वैज्ञानिक त्यांच्याबरोबर बसत. 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीच्या नावे मुले प्रश्न लिहून पाठवीत आणि त्यांना उत्तर जात असे. हा कार्यक्रम तीस वर्षे चालला. 2002 मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. उत्तम कामालाही व्यवस्थेचा आधार सुटला की काय होते, हेही त्यात दिसते. आंतरराष्ट्रीय संस्थेचे जाळे निदान तेवढा टिकाऊपणा देते, ही तिच्या बाजूची गोष्ट नाकारता येणार नाही.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. हा प्राथमिक कार्यक्रम कोणत्याही भाषेत शिकवता येतो. इंग्रजी माध्यम ही त्याची अट नाही. मुलाच्या मातृभाषेला आधार देणे तर शाळेच्या भाषाधोरणात अपेक्षितच आहे. सात वर्षांपासून आणखी एक भाषा शिकवावी, एवढाच नियम. तरीही महाराष्ट्रातील अशा शाळांत शोधाची भाषा इंग्रजी आणि मराठी ही ती 'आणखी एक' भाषा, अशी मांडणी सर्रास दिसते. राज्याच्या 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली खरी. पण वेळापत्रकातील एक तासिका ही एक गोष्ट आणि मराठीतून विचारलेला प्रश्न ही दुसरी. ज्या मुलाच्या घरी 'टाके', 'झरा', 'पाझर', 'कातळ' हे शब्द नांदतात, त्याला वर्गात प्रश्न विचारण्यापूर्वी आधी परक्या भाषेत वाक्य जुळवावे लागले, तर ते मूल बहुधा गप्प बसते. प्रश्नांच्या भिंतीवर मग चार-पाच सफाईदार मुलांचीच अक्षरे उरतात. ही भिंत पाहून शाळेची परीक्षा करता येईल.

मराठी माध्यमाच्या संस्थांना यात संधी आहे. मान्यतेचा अर्ज करावा की न करावा, हा निर्णय दोन वर्षांनी घेता येतो. येत्या जूनमध्ये एक इयत्ता निवडावी, तीन शिक्षकांच्या आठवड्याच्या दोन-दोन तासिका काढून घ्याव्या, त्या वेळात त्यांनी एकत्र बसावे, आणि वर्षभरात सहा नव्हे तर एकच घटक नीट चालवावा. त्या घटकापुरती चाचणी पुस्तक उघडे ठेवून घ्यावी. पालकांच्या पहिल्या सभेत 'गुण किती पडणार?' हा प्रश्न येईल. त्या दिवशी उत्तर मुख्याध्यापकांनी एकट्याने देऊ नये. भिंतीवरचा प्रश्नांचा कागद सभागृहात आणून लावावा आणि ज्या मुलांनी टाके मोजले त्यांनाच हिशेब मांडू द्यावा.