साप कोणता होता, ते आधी विचारा



आषाढ लागला की आपल्या मुळशीत दोन कामं एकदम येतात. एकीकडे वारी, दुसरीकडे भाताची लावणी. घरातलं एक माणूस दिंडीत, बाकीचे गुडघाभर चिखलात. याच दिवसांत बिळात पाणी शिरतं आणि साप बांधावर येतो, गोठ्यात येतो, उंदरामागं घरात येतो. म्हणून आज सापाच्या मंत्राविषयी बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, महाराज, आमच्याकडं विष उतरवणारा आहे. मंत्र टाकतो, कडुलिंबाचा पाला चारतो, सकाळी माणूस उठून बसतो. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलं असेल, मी नाही म्हणत नाही. माझा एकच प्रश्न आहे. साप कोणता होता?

आपल्याकडं जिवावर उठणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे बिनविषारी. ते चावले तर मंत्राशिवायही माणूस उठून बसतो. कवड्या तर दिसायला मण्यारीसारखा, अंधारात कोण पारखणार? शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. म्हणजे मांत्रिकाकडं कितीतरी माणसं अशी येतात, जी वाचणारच होती. ती वाचली की गावभर बोलबाला. आणि जो गेला, त्याचं काय सांगतात? "उशिरा आणला. त्याची वेळ भरली होती." वाचला तर मंत्राचा गुण, गेला तर त्याचं नशीब! असा हिशेब वाण्यानं दाखवला तर तुम्ही मान्य कराल का?

मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते. फार दुखत नाही, सूज नाही, खूण धड दिसत नाही. मग पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, शेवटी श्वास अडतो. ते मोलाचे तास पारावर पाला चघळण्यात गेले, तर पोरं उघडी पडतात.

यावर औषध आहे. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात, त्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो, त्यापासून इंजेक्शन बनतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेत ते बनत आलंय. चारही सापांवर एकच औषध चालतं. त्यात गुपित काही नाही, कुणीही विचारावं.

२०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. हा कायदा वारी, कीर्तन बंद करील, अशी भीती आपल्यातल्याही काहींना वाटत होती. पण कीर्तन, प्रवचन, वारीला त्यात बाधा नाही, असं कायद्यातच लिहिलंय. गुन्हा आहे तो साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करण्याचा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

कुणी विचारील, मग माउलींनी भिंत चालवली त्याचं काय? अहो, ती कथा नीट ऐका. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले. साप त्यांच्या मुठीत होता, सिद्धी होत्या, पण समाधान नव्हतं. पत्र पाठवायला बसले तर एक अक्षर सुचेना, कोरा कागद गेला. माउलींकडून उत्तरात काय मिळालं? ताईत नव्हे, पासष्ट ओव्यांचा बोध! माउलींनी चमत्काराचं दुकान कधी मांडलं नाही. म्हणून त्यांचं नाव सांगून कुणी गंडादोरा विकत असेल, तर त्याला प्रश्न विचारणं ही नास्तिकता नव्हे. पारख करणं हाही भक्तीचाच भाग आहे.

तर एवढं करा. साप चावला की माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हातपाय हलू देऊ नका. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. साप मारत, शोधत बसू नका. ओळख डॉक्टर लक्षणांवरून करतील. १०८ ला फोन लावा नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. विठ्ठलाचं नाव गाडीत बसून घ्या. ते तिथंही ऐकू जातं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!