मग हा मेंढरांचा आवाज कसला?

आजचा विषय व्यसन. आणि ते सांभाळण्यासाठी आपण स्वतःशीच जे खोटं बोलतो, ते.

बायबल जवळ असेल तर पहिला शमुवेल, अध्याय १५ उघडा. मोबाईलमधलं असेल तरी चालेल, फक्त मध्येच नोटिफिकेशन बघायला जाऊ नका!

शौल राजाला देवाची आज्ञा स्पष्ट होती. अमालेकी लोकांशी लढायचं आणि त्यांचं काहीही राखायचं नाही. शौल लढला, जिंकलासुद्धा. पण त्यांचा राजा अगाग याला त्याने जिवंत ठेवलं, आणि चांगली चांगली मेंढरं, गुरंही ठेवली. टाकाऊ होतं तेवढंच नष्ट केलं. शमुवेल संदेष्टा भेटायला आला, तेव्हा शौल आपणहून सांगतो की मी देवाची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर मेंढरांचा हा आवाज कसला येतोय?

गंमत बघा. मागे मेंढरं ओरडतायत आणि हा म्हणतोय, आज्ञा पाळली! इतकं उघड खोटं माणूस कधी बोलतो? ते त्याला स्वतःलाच पटलेलं असतं तेव्हा.

आपलंही तसंच असतं. "गुटखा सोडला, आता फक्त मावा." "बेटिंगचं अ‍ॅप काढून टाकलं", पण पासवर्ड पाठ आहे आणि आयपीएल आली की परत डाउनलोड. "दारू फक्त शनिवारी, रविवारी चर्चला असतोच ना मी." नकोसं होतं ते सोडलं, आवडीचं राखून ठेवलं, आणि त्यालाच आज्ञापालन म्हटलं.

पकडल्यावर शौल काय म्हणतो? लोकांनी ठेवलं. शिवाय देवाला अर्पण करायलाच ठेवलंय. आपण म्हणतो, मित्रांनी आग्रह केला. आपण म्हणतो, मी क्वायरमध्ये गातो, देव समजून घेईल. शेवटी शौल पाप कबूल करतो, पण लगेच विनंती करतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. त्याला पापापेक्षा इमेजची काळजी जास्त. पुढे दावीदही मोठं पाप करतो. पण नाथान समोर येऊन बोलतो, तेव्हा दावीद एकही सबब सांगत नाही. फरक तिथे आहे.

अजून एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. हा प्रश्न विचारणारा शमुवेल आदल्या रात्री झोपलेला नव्हता. तो रात्रभर शौलासाठी देवाकडे आक्रोश करत होता. म्हणजे तुमची आई किंवा पाळकसाहेब जेव्हा विचारतात, "काय चाललंय तुझं?", तेव्हा चिडण्याआधी एवढं आठवा.

मग करायचं काय? आज रात्रीच एका विश्वासू माणसाला खरं सांगा. सगळं, राखून ठेवलेल्या मेंढरांसकट. खिशातली पुडी टाका, मग प्रार्थनेला बसा. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. हे शरीरातलं निकोटिन कमी होण्यामुळे होतं, देवाने सोडलं म्हणून नाही. १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर मोफत मदत मिळते. बरीच वर्षं रोज दारू पिणाऱ्याने मात्र ती अचानक बंद करू नये, जिवाला धोका होऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. औषध घेणं, समुपदेशनाला जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. मदत मागायला जाणं हेसुद्धा आज्ञापालनच आहे.

चला, डोळे मिटू या. प्रभू, आम्ही काय राखून ठेवलंय ते तुला माहीत आहे. ते आम्हालाही बघू दे, आणि सोडायला बळ दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.

हा भाग कोणाला पाठवावासा वाटला तर पाठवा. पण आधी स्वतःसाठी एकदा परत ऐका. भेटू पुढच्या भागात.