खालाचा पिन

(पुण्यात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझी खाला कोंढव्यात राहते. काचबिंदूने तिची नजर गेली, त्याला बारा वर्षं झाली. व्हॉट्सॲप ती माझ्यापेक्षा झपाट्याने वापरते, कारण फोनमधलं टॉकबॅक पडद्यावरचं बोलून दाखवतं. पण बँकेचं ॲप उघडलं की टॉकबॅक नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतं. पैसे पाठवायचं कुठलं, रद्द करायचं कुठलं, कळायला मार्ग नाही. मग शेजारच्या मुलाला हाक मारायची, फोन त्याच्या हातात द्यायचा आणि पिन सांगायचा. मुलगा भला आहे. पण शिवणकाम करून जमवलेल्या पैशांचा पिन तिने दुसऱ्याला का सांगायचा?

हे 'बटण, बटण' कुठून येतं ते मला ठाऊक आहे, कारण मीही ते करून ठेवलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका फॉर्मचं काम माझ्याकडे होतं. बटणांवर शब्द नव्हते, चित्रं होती: बाण, फुली, कचऱ्याचा डबा. अशा प्रत्येक चित्राला कोडमध्ये एक नाव द्यावं लागतं, स्क्रीन रीडर तेच वाचतो. मी दिलं नाही. कुणी विचारलंही नाही. पुढे एकदा खालाचा फोन घेऊन डोळे मिटून बसलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती नावं द्यायला एक दुपार पुरली असती.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यावर एक तासही झाला नव्हता. नियम मात्र १९९९ पासून आहेत. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी लिहायला घेतला. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिका होत्या. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवायचे होते. ज्यांच्या पापण्याच हलत नाहीत, त्यांनी काय करायचं?

२०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग नोंदले गेले. सगळेच अंध नाहीत, हे खरं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाची बोटं माऊसवर ठरत नाहीत. मी आज खालाबद्दल बोलतोय, कारण तेवढं मी जवळून पाहिलंय.

आपल्या भाषांची आणखी एक गोम आहे. युनिकोड रुळण्याआधीचे डीटीपीचे मराठी फॉन्ट, पुण्यात तयार झालेली श्रीलिपी त्यांतलीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. कागदावर छपाई सुरेख यायची. पण तीच फाइल पीडीएफ करून वेबसाइटवर टाकली की स्क्रीन रीडर मराठी सोडून भलतीच इंग्रजी अक्षरं बडबडतो. उर्दूचं याहून अवघड. नस्तालिकचं वळण टिकावं म्हणून कित्येक उर्दू वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं पानांची चित्रंच नेटवर टाकत आली. खाला उर्दू शाळेत शिकलेली. पेपर वाचायची तिची सवय डोळ्यांमुळे सुटली की या चित्रांमुळे, सांगता येत नाही.

तुमच्यात कोडिंग करणारे थोडेच असतील. पण पोस्टर बनवणारे? हात वर करा बघू. शिष्यवृत्तीची माहिती, रक्तदान शिबिर, अभ्यासिकेची वेळ, सगळं आपण रंगीत चित्रात लिहून फॉरवर्ड करतो. त्याखाली तोच मजकूर टाइप करायला दोन मिनिटं लागतात. आज रात्री टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून एक रिचार्ज करून बघा. आधी ते बंद कसं करायचं तेवढं शिकून घ्या, मी पहिल्यांदा अर्धा तास अडकलो होतो.

या कार्यक्रमाचं पोस्टरही मी खालाला तसंच पाठवलं होतं. टॉकबॅक म्हणालं, 'फोटो'. मग तारीख, वेळ, पत्ता टाइप करून पुन्हा पाठवला. ती आज मागच्या रांगेत बसली आहे. तिची तक्रार आहे की मी मजला लिहायला विसरलो.