अंक तोंडात, संख्या हातात

२०१९च्या जूनमध्ये आपल्या पुण्यातल्या बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर वाद पेटला होता. ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन त्यात दिलं होतं. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती, की जोडाक्षरांची आणि एकक आधी, दशक नंतर सांगणारी पारंपरिक नावं मुलांना जड जातात. विरोधकांना त्यात भाषेची मोडतोड दिसली; विधानसभेतही कोट्या झाल्या. या गदारोळात एक प्रश्न मात्र बाजूला राहिला. ‘त्रेसष्ट’ या शब्दापाशी पोचण्याआधी दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि वर तीन सुट्या वस्तू मुलाने कधी स्वतः रचलेल्या असतात का? नसतील, तर ‘साठ तीन’ हीसुद्धा पोपटपंचीच. असतील, तर ‘त्रेसष्ट’ही पचतं. ही रचारच शाळेच्या आधी, घरात व्हायला हवी, हे माझं आजचं प्रतिपादन.

पाहुण्यांसमोर शंभरापर्यंत धडाधड अंक म्हणणारं मूल आपल्याकडे हुशार ठरतं. पण अंक म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची तत्त्वं मांडली. त्यांतली मुख्य अशी : एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी उच्चारला तो अंक म्हणजे एकूण संख्या. तीन वर्षांचं मूल पाच बटाटे बिनचूक मोजतं आणि ‘मग किती आहेत?’ म्हटलं, की बरेचदा पुन्हा ‘एक’पासून सुरुवात करतं, शेवटचं तत्त्व त्याला अजून उमगलेलं नसतं. ते भिंतीवरच्या तक्त्याने उमगत नाही. जेवायला माणसं पाच, वाट्या तीन. आणखी किती आणायच्या? धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावताना एकटा कोणता उरला? डबे उंचीप्रमाणे मांडले, तर हा नवा डबा कुठे बसेल? यात गणितही आहे आणि तर्कही. त्याला ‘तुला कसं कळलं?’ या प्रश्नाची जोड हवी. उत्तर चुकलं तर तो विचारावाच, पण बरोबर आलं तरीही विचारावा. कारण सांगता सांगता मूल स्वतःचाच विचार तपासून पाहतं.

कुणी म्हणेल, खेळता खेळता हे आपोआप येतं, मुद्दाम कशाला करायचं? दिल्लीत ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने बालवर्गांमध्ये संख्यांचे आणि आकारांचे खेळ घेऊन पाहिले गेले. निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आले. मुलांची संख्येची उपजत जाण सुधारली आणि टिकली, शाळेच्या गणितात मात्र टिकाऊ फायदा दिसला नाही. २०२५ साली ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात विक्री करणारी मुलं तोंडी हिशेबात चोख, पण वहीतल्या गणितात अडखळतात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं नेमकं उलट होतं. म्हणजे हातातली संख्या आणि कागदावरचं चिन्ह यांचा सांधा आपोआप जुळत नाही, कुणीतरी तो जुळवावा लागतो. पाच चिंचोक्यांशेजारी ‘५’ लिहिणं हे त्यातलंच. सापशिडीच्या पटावर तर फाशाचे ठिपके, तोंडातला शब्द आणि घरातला अंक एकत्र येतात, तेही दहा-दहाच्या ओळींत.

‘आम्हाला वेळ नाही, आमचं शिक्षण कमी’ ही अडचण खरी आहे. पण वरचे प्रश्न स्वयंपाक, आवराआवर आणि बाजार यांच्या ओघातच विचारायचे आहेत, आणि मंडईत रोज सुट्या पैशांचा हिशेब करणाऱ्या आईला त्यासाठी पदवी लागत नाही. उरला पाठांतराचा प्रश्न. पावकी, निमकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे घोकणाऱ्या पिढ्या हिशेबात तरबेज होत्या, असा दाखला दिला जातो. मात्र ते पाढे पावशेर, अर्धा शेर, दीड आणा अशा रोजच्या व्यवहारात लगेच वापरले जात. अर्थ बाजारातून मिळे, पाठांतर वेग देई. शेर-आणे गेले, तेव्हा तो अर्थ पुरवण्याचं काम आता घराकडे आलं आहे. म्हणून पाढ्यांना माझा विरोध नाही, क्रमाचा आग्रह आहे : आधी वस्तू, मग शब्द, मग चिन्ह, आणि घोकणं त्यानंतर.