चेंडू सोडून लांबच्या वाटेने
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस ‘क्रीडा आणि तरुण पिढी’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. एवढा विस्तीर्ण विषय आम्हांस पेलवणारा नाही. म्हणून त्यांची क्षमा मागून आम्ही एका लहानशा प्रश्नापुरतेच बोलणार आहोत. फुटबॉल खेळणारा मुलगा लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळला, तर त्याच्या वाट्यास काय येते आणि आपण मंडळींनी त्याच्याशी कसे वागावे, हा तो प्रश्न होय. तो आमच्यापुढे एखाद्या ग्रंथातून आलेला नसून आपल्याच वसतिगृहाच्या अंगणातून आलेला आहे.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहात एक विद्यार्थी होता. त्याचे नाव आम्ही सांगत नाही. ते त्यास रुचणार नाही. कॉलेजच्या फुटबॉल संघात तो हाफ-बॅक खेळे. अंगाने किरकोळ, धक्काबुक्कीत मागे पडणारा. परंतु सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत, इतर मुले कमरेवर हात ठेवून उभी असत तेव्हाही, हा धावतच असे. पुढे संघाची निवड झाली आणि तो गळला. त्याने चार दिवस कोणाशी भाषण केले नाही. पाचव्या दिवशी पहाटे तो उठला आणि एकटाच धावावयास गेला. मंडळाकडून खेळाडू विद्यार्थ्यांस दूध-अंड्यांसाठी साहाय्य मिळते, ते त्यास दोन वर्षे मिळाले. दोन वर्षांत ढाल आली नाही, पदकही आले नाही. तेव्हा कार्यकारिणीत प्रश्न निघाला, आणि साहाय्य बंद करावे या बाजूने जे हात वर झाले त्यांत आमचाही एक होता.

त्यानंतर पश्चात्तापाने म्हणा, कुतूहलाने म्हणा, आम्ही या विषयातील वाचन आरंभिले. त्यात पोर्तुगालच्या कार्लोस लोपेस याचे चरित्र आमच्या हाती लागले, आणि आम्ही खरोखर ओशाळलो.

लोपेसचा जन्म १९४७ सालचा, व्हिसेउ शहरालगतच्या विल्देमोइन्योस या खेड्यातला. घरची गरिबी, लहान वयातच तो गवंड्याच्या हाताखाली मजुरीस लागला. गावच्या लुसितानो क्लबाकडून फुटबॉल खेळावे ही त्याची एकच आकांक्षा होती, आणि क्लबाने त्यास घेतले नाही. रात्री नाचाच्या मेळाव्याहून परतताना मित्रांची आपसात शर्यत लागली, तीत हा सर्वांच्या पुढे गेला, आणि तेथून त्याच्या धावण्यास आरंभ झाला. पुढे त्या मित्रमंडळींनी त्याच क्लबात धावपटूंची शाखा काढली. ज्या दाराने फुटबॉलपटू म्हणून त्यास परत पाठविले, त्याच दाराने तो धावपटू म्हणून आत आला.

मंडळी, आता वर्षे मोजा. पहिली शर्यत सोळा-सतराव्या वर्षी. १९६७ साली तो लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात गेला, तेथे मारिओ मोनिझ परेरा हे गुरू लाभले. बँकेतली नोकरी सांभाळून धावणे चालू होते. १९७६ साली त्याने रानवाटांच्या शर्यतीचे, म्हणजे क्रॉस-कंट्रीचे, जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी माँट्रिऑल ऑलिंपिकात १०,००० मीटरच्या शर्यतीत तो बराच वेळ आघाडीवर होता. अखेरीस फिनलंडचा लासे विरेन पुढे गेला आणि लोपेसला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर दुखापतींची काही वर्षे गेली. त्या काळात एखाद्या कार्यकारिणीने त्याचा हिशेब मांडला असता, तर तिने काय ठरविले असते हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

मॅरेथॉनला तो प्रथम उभा राहिला १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. ती शर्यत पुरी झाली नाही. १९८३ साली रॉटरडॅम येथे ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट डी कॅस्टेलाच्या मागे अवघ्या दोन सेकंदांनी दुसरा आला. १९८४ च्या वसंतात पुन्हा रॉटरडॅम, आणि पुन्हा शर्यत अर्धी. लॉस एंजेलिस ऑलिंपिकास तो निघाला तेव्हा एकच मॅरेथॉन त्याने पुरी केलेली होती. त्यात शर्यतीपूर्वी थोडेच दिवस आधी सराव करताना मोटारीची धडक बसली; सुदैवाने मोठी इजा झाली नाही. १२ ऑगस्ट १९८४ रोजी, सदतीस वर्षांच्या या गृहस्थाने २ तास ९ मिनिटे २१ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. पोर्तुगालला ऑलिंपिकात मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. पुढच्या वर्षी रॉटरडॅमलाच, जेथे तो एकदा हरला व एकदा थांबला होता तेथे, त्याने २ तास ७ मिनिटे १२ सेकंद अशी त्या काळची जागतिक उच्चांकी वेळ दिली.

आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांनी आम्हांस यातले शास्त्र समजावून दिले. ते येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या विद्यार्थ्याचे कोठे चुकले हे त्यावरून कळते. फुटबॉलच्या सामन्यात मधल्या फळीचा खेळाडू नव्वद मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर तोडतो. परंतु ते तुकड्यातुकड्यांनी. चालणे, दुडकी, एकदम झेप, थांबणे, वळणे. मध्यंतरात बसून पाणी पिणे. त्यामुळे हृदय बळकट होते, छाती भरते, दमसास येतो. ही कमाई फुकट जात नाही. धावण्याच्या वाटेवर ती सोबत येते. जी येत नाही ती संथ, एकसारख्या गतीची सवय. आमचा विद्यार्थी पहिला किलोमीटर सामन्यातल्या चढाईसारखा धावे आणि आठव्या किलोमीटरला रडकुंडीस येई.

दुसरी गोष्ट अधिक घातक. श्वास लवकर तयार होतो, हाडे व शिरा उशिरा तयार होतात. फुटबॉल खेळलेल्या मुलास दम लागत नाही, म्हणून त्यास वाटते की आपण सहज पंधरा किलोमीटर जाऊ. आणि तो जातोही. महिन्याभरात नडगी ठणकू लागते, टाचेवरची धोंडशीर सुजते. आमच्या विद्यार्थ्याची दुसऱ्या वर्षातली पाच महिने त्यातच गेली, आणि आम्ही ती त्याच्या आळसाच्या खात्यात लिहिली. वस्तुतः अंतर आठवड्या-आठवड्याने थोडेथोडे वाढवावयाचे असते. आधी ५,००० मीटर, मग १०,०००, मग अर्धमॅरेथॉन. आणि पूर्ण ४२ किलोमीटर १९५ मीटरची गोष्ट त्याच्याही पलीकडची. तेथे तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंत व यकृतात साठलेली साखर सरत येते, आणि गडी पाय उचलतो पण पाय उचलत नाहीत. फुटबॉलच्या मैदानावर हा अनुभव कोणास येत नाही, म्हणून त्याची पूर्वतयारीही तेथे होत नाही.

इंग्लंडच्या मो फाराचे उदाहरण याच जातीचे. बालपणी त्यास दुसऱ्याच मुलाच्या नावाने लंडनला नेण्यात आले होते. ही हकीकत त्याने स्वतःच २०२२ साली जगापुढे मांडली. शाळेत त्यास फुटबॉलचे वेड. ॲलन वॉटकिन्सन नावाच्या व्यायामशिक्षकांनी त्याची चाल ओळखली. परंतु त्यांनी चेंडू हिसकावून घेतला नाही. धावण्याच्या सरावास आलास तर अर्धा तास फुटबॉल खेळू देईन, असा सौदा त्यांनी केला. आम्हांस हे शिक्षक फार आवडले. हाच मुलगा पुढे २०१२ व २०१६ या दोन्ही ऑलिंपिकांत ५,००० आणि १०,००० मीटरचा विजेता ठरला. आणि तरीही, दोन ऑलिंपिक सुवर्णे गळ्यात असताना २०१४ साली तो लंडनची पहिली मॅरेथॉन पुरी धावला, तेव्हा आला आठवा! शिकागोची मॅरेथॉन त्याने जिंकली ती २०१८ साली. पायरी चढणे एवढ्या मोठ्यांसही सोपे गेले नाही.

आपल्याकडेही सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर आधी खो-खो खेळत. २०१६ च्या ऑलिंपिकात ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या. सांघिक खेळातून आलेली मुले आपल्या पेठांत, तालमींत आणि वसतिगृहांत किती आहेत, याची मोजदाद कोणी केली आहे काय? कोल्हापुरात फुटबॉलच्या संघाचे नाव निघाले की अवघी पेठ छाती काढून उभी राहते. संघातून गळलेला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी कोठे गेला, हे त्याच्या आईखेरीज कोणी विचारीत नाही.

काही मंडळी म्हणतील, प्रत्येक गळालेला मुलगा लोपेस होणार आहे काय? नाही. बहुधा एकही होणार नाही. आम्हीही त्या भ्रमात नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या कामाचे फळ आठ-दहा वर्षांनी दिसावयाचे, त्याचा ताळेबंद आपण दोन वर्षांत मागितला; आणि तो मागताना मुलाच्या पायाला काय झाले आहे, हेही विचारले नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही त्या विद्यार्थ्याच्या गावी जाऊन आलो. तो आता नोकरीस आहे, आणि पहाटे अजून धावतो. आम्ही कार्यकारिणीतला तो प्रसंग काढला व आमच्या हाताची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘काका, मला ठाऊक होते.’ मग त्याने चहा मागविला आणि आपल्या अर्धमॅरेथॉनच्या वेळा आम्हांस एका वहीतून वाचून दाखविल्या.

क्रीडा-साहाय्याची मुदत दोन वर्षांवरून सहा वर्षांवर न्यावी, आणि दुखापतीचा काळ तीत धरू नये, असा ठराव उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. सूचक म्हणून आमचे नाव आहे. अनुमोदकाची जागा हे भाषण लिहीपर्यंत कोरी होती.