आधी स्वतः, मग इतर



आज आम्ही तुम्हांला एका शूर वैमानिकाची हकीकत सांगणार आहोत. त्यांचे नाव मेहेरसिंग. हवाई दलात त्यांना ‘बाबा’ म्हणत. मेहेराबादचे मेहेरबाबा निराळे, हे निराळे.

मेहेरसिंगांचा जन्म १९१५ साली पंजाबात लायलपूर येथे झाला. ते शहर आता पाकिस्तानात आहे. विमान चालवायला ते विलायतेत शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. १९४४ साली त्यांना डी. एस. ओ. हे मानाचे पदक मिळाले. त्या युद्धात भारतीय हवाई दलातल्या दुसऱ्या कोणाला ते मिळाले नाही.

पण त्यांचे खरे नाव झाले काश्मिरात. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर हल्ला झाला. पूंछ शहराला वेढा पडला. आत आपले सैनिक होते आणि सुमारे चाळीस हजार निर्वासित होते. रस्ते बंद. धान्य आणायचे कसे? आभाळातूनच. पण विमान उतरणार कुठे?

मग सैनिक आणि निर्वासित एक झाले. त्यांनी हातांनी जमीन सपाट केली. धावपट्टी तयार झाली. पट्टी होती तोकडी. भोवती डोंगर, आणि डोंगरावर शत्रू!

मेहेरसिंग हे तिथल्या हवाई दलाचे प्रमुख. नुसता हुकूम सोडून ते बसू शकले असते. ते तसे बसले नाहीत. डिसेंबरात पहिले डाकोटा विमान त्यांनी स्वतः नेऊन उतरवले. मग इतर वैमानिक गेले. धान्य आले, औषधे आली, तोफाही आल्या. परतताना विमानांतून जखमी माणसे आणि निर्वासित बाहेर निघाले. वेढा उठायला नोव्हेंबर १९४८ उजाडला. तोवर पूंछ तगून राहिले.

आता लेहचे ऐका. लेह लडाखात आहे, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच. १९४८ साली शत्रू तिकडे सरकत होता. राखायला सैनिक मूठभर. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना हाताशी धरून तिथे धावपट्टी बांधली.

पण उंचावर हवा विरळ असते. तिथे माणसाला धाप लागते. विमानाच्या इंजिनाचा जोरही कमी पडतो. वाटेत बर्फाची शिखरे. त्या वाटेचा धड नकाशाही नव्हता. अशा ठिकाणी २४ मे १९४८ रोजी मेहेरसिंगांनी डाकोटा उतरवले. सोबत जनरल थिमय्या होते. पुढे याच वाटेने सैनिक गेले आणि लेह वाचले.

सरकारने मेहेरसिंगांना महावीर चक्र दिले. १९४८ साली त्यांनी नोकरी सोडली. मार्च १९५२ मध्ये वादळात सापडून त्यांचे विमान कोसळले. त्यातच ते गेले. वयाची चाळिशीही झाली नव्हती.

यातून आपण काय घ्यायचे? जोखमीच्या कामात पुढाऱ्याने आधी स्वतः पाऊल टाकावे. मग लोक मागे येतात. त्यांना ढकलावे लागत नाही. आणखी एक. पूंछच्या निर्वासितांनी आणि लेहच्या गावकऱ्यांनी कष्ट केले नसते, तर बाबांनी विमान उतरवले असते कुठे? वैमानिकाचे नाव राहते. माती उपसणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. आपण त्यांचीही आठवण ठेवू या.

जय हिंद!