जिथे जलद गाडी थांबत नाही

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मुंबईच्या लोकलवर बोलायचं म्हटलं की गर्दी, चौथी सीट, भजनी मंडळी, पत्त्यांचे डाव, डब्यातली दोस्ती हे सगळं ओघानं येतंच. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, बोलून झालं आहे. मला आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडीच्या नावाशेजारी एक अक्षर दिसतं. एफ किंवा एस. फास्ट किंवा स्लो. हेच मराठीतून सांगितलं जातं तेव्हा जलद आणि धीमी. या एका अक्षरावर लाखो माणसांची झोपायची वेळ, जेवायची वेळ, आणि पुष्कळदा घर कुठे घ्यायचं हेसुद्धा ठरतं.

मी मुंब्र्याचा. म्हणजे मूळचा कोकणातला, वाढलो माझगावात, आणि १९९३ पासून मुंब्र्यात आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली बरीच मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला राहायला गेली, त्यातलंच आमचं एक. माझगावातून फोर्टातल्या कचेरीत बसनं वीस-पंचवीस मिनिटांत पोचायचो. मुंब्र्याहून घर ते कचेरी दीड तास लागू लागला. मुंब्रा मुंबईपासून चाळीस किलोमीटरवर. पण लोकलच्या प्रवाशाला किलोमीटर विचारू नका. तो अंतर मिनिटांत मोजतो, आणि ती मिनिटं त्या एफ आणि एसवर अवलंबून असतात. सीएसएमटीहून ठाण्याला धीमी गाडी साधारण तासाभरात जाते. जलद गाडी चाळीसेक मिनिटांत. एकेरी प्रवासात वीस मिनिटं, जाऊन येऊन चाळीस. नोकरीची तीस वर्षं धरली तर हा हिशेब न केलेलाच बरा.

जलद गाडी मुंब्र्याला का थांबत नव्हती, याचं कारण मोठं गमतीचं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. ठाण्याची खाडी ओलांडली की पारसिकचा डोंगर आडवा येतो. तेव्हा रूळ डोंगराच्या कडेकडेनं, कळवा-मुंब्र्यावरून नेले. मग १९१६ मध्ये डोंगराच्या पोटातून सव्वा किलोमीटरहून लांब असा पारसिक बोगदा खुला झाला आणि ठाणे ते दिवा सरळ वाट मिळाली. पुढे जलद लोकलही त्याच वाटेनं जाऊ लागल्या. म्हणजे जलद गाडी आमचं स्टेशन गाळत होती असंही म्हणता येत नसे; ती आमच्या गावात येतच नव्हती. तक्रार करायची तर डोंगराकडेच करावी लागली असती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या बोगद्यातून आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्यावरून, अशी नवी विभागणी झाली. तेव्हापासून जलद गाड्या आमच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागल्या. फलाटावर उभं राहून धीम्या गाडीची वाट बघायची आणि शेजारच्या रुळावरून एकामागून एक जलद गाड्या धडधडत जाताना मोजायच्या. बोगद्यातून जात होत्या तेव्हा एवढं वाईट वाटत नव्हतं, हे मात्र खरं.

मी कविता लिहितो, म्हणून शब्दांकडे जरा जास्त लक्ष जातं. आपण वेगवान या अर्थी वापरतो तो 'जलद' शब्द फारसीतून मराठीत आला. संस्कृतात मात्र जलद म्हणजे पाणी देणारा, ढग. मुंब्र्याच्या फलाटावर हे दोन्ही अर्थ एकदम कळतात. ढग भरून येतो, गावावरून जातो, आणि दुसऱ्याच्या शेतात पडतो.

आमच्यासारख्यांनी यावर उपाय शोधलेला असतोच. धीम्या गाडीनं ठाण्यापर्यंत जायचं, तिथे उतरून जलद पकडायची. ऐकायला सोपं आहे. पण धीम्या गाड्यांचे फलाट वेगळे, जलदचे वेगळे. मधे जिना, पूल, पुन्हा जिना. सकाळी नऊच्या सुमारास त्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. गुडघे दुखणाऱ्या बाईनं, हातात मूल असलेल्या आईनं काय करायचं? ती निमूट धीम्या गाडीत बसून राहते. म्हणजे जलद गाडी केवळ स्टेशनं निवडत नाही, माणसंही निवडते. तरणी, धडधाकट, रिकाम्या हातांची.

हे सगळीकडेच असं असतं असं नाही. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथे एक्स्प्रेस आणि लोकल अशा गाड्या वेगवेगळ्या रुळांवरून धावतात. चार रूळ असतात, मधले दोन एक्स्प्रेसचे, बाहेरचे दोन लोकलचे. एक्स्प्रेस जिथे थांबते अशा पुष्कळ स्टेशनांत, एकाच दिशेनं जाणाऱ्या दोन्ही गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना येतात. लोकलमधून उतरायचं, फलाट ओलांडायचा आणि समोरच्या एक्स्प्रेसमध्ये चढायचं. जिना नाही, पूल नाही. आपल्याकडे धीम्या गाड्यांच्या येण्याजाण्याचे दोन रूळ शेजारी-शेजारी आणि जलदचे दोन त्यांच्या पलीकडे. त्यामुळे एकाच दिशेच्या दोन गाड्या सहसा एका फलाटाला लागत नाहीत. रूळ कोणत्या क्रमानं टाकले, एवढ्याशा गोष्टीचा भार आज माणसांच्या गुडघ्यांवर येतो.

आता दुसरी बाजूही सांगतो. एकदा ठाण्याहून जलद गाडीत चढलो होतो. शेजारी बदलापूरचा एक तरुण उभा होता. मुंब्र्याला थांबा मिळावा म्हणून आमच्याकडे सह्या गोळा करणं चाललं होतं, मी त्याबद्दल सांगत होतो. तो शांतपणे म्हणाला, "काका, राग मानू नका. मी पावणेसहाला घर सोडतो. माझी मुलगी जागी असलेली मला फक्त रविवारी दिसते. तुमचं एक स्टेशन वाढलं की माझी दोन मिनिटं गेली. आज मुंब्रा, उद्या कळवा, परवा आणखी कुणी. मग फास्ट उरणार कशात?"

त्याच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. कल्याणच्या पुढे कर्जत-कसाऱ्याकडे जलद गाडीसुद्धा सगळ्या स्टेशनांवर थांबते. म्हणजे त्याची गाडी जलद होते ती कल्याणपासून. त्याला मिळणारा वेग तेवढ्याच टापूतला, आणि त्यातच आम्ही थांबा मागत होतो.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. थांबा वीस-तीस सेकंदांचा असला तरी ब्रेक लागण्यापासून पुन्हा वेग घेईपर्यंत दोनेक मिनिटं जातात. समजा गाडीत चार हजार माणसं आहेत. प्रत्येकाची दोन मिनिटं, म्हणजे आठ हजार मिनिटं गेली. समजा त्या थांब्यावर पाचशे माणसं चढली आणि प्रत्येकाची पंधरा मिनिटं वाचली. साडेसात हजार मिनिटं मिळाली. बघा, जवळजवळ बरोबरी! हिशेबानं निकाल लागत नाही. मग निकाल कशानं लागतो? जानेवारी २०१५ मध्ये दिव्याला प्रवासी रुळांवर उतरले, दगडफेक झाली, दिवसभर गाड्यांचा बोजवारा उडाला. डिसेंबर २०१६ पासून दिव्याला जलद लोकल थांबू लागल्या. याचा अर्थ लोकांनी काय घ्यायचा? अर्ज-विनंत्या करणाऱ्यांनी वाट बघायची, आणि रुळांवर उतरणाऱ्यांचं ऐकलं जातं, असाच ना? हा धडा कोणत्याही शहराला परवडणारा नाही.

ऑक्टोबर २०२४च्या वेळापत्रकात गर्दीच्या वेळेतल्या मोजक्या जलद गाड्यांना कळवा आणि मुंब्रा इथे थांबा मिळाला. आमच्याकडे आनंद झाला. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीनं त्या गाडीच्या वेळेचा गजर मोबाइलमध्ये लावला. पण गाडी येते तीच कल्याण-डोंबिवलीहून तुडुंब भरून. दारात उभे असलेले हलू शकत नाहीत, आणि बाहेरच्यांना पाय ठेवायला जागा दिसत नाही. चार दिवस धडपड करून ती मुलगी पुन्हा धीम्या गाडीकडे वळली. मला म्हणाली, "चाचा, गाडी थांबते हो, पण ती आपल्यासाठी थांबते असं वाटत नाही."

आणि मग ९ जून २०२५ची सकाळ आली. सोमवार होता. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन जलद लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या, एक सीएसएमटीकडे येणारी, एक कसाऱ्याकडे जाणारी. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसं लटकलेली होती. ती एकमेकांना, एकमेकांच्या पाठीवरच्या पिशव्यांना घासली आणि रुळांवर पडली, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच दिवशी चार जण गेल्याची बातमी आली. जखमी वेगळेच.

त्या दिवसापासून माझ्या मनातला हा वाद बदलला. इतकी वर्षं मी जलद गाडीतल्या माणसाकडे जरा हेव्यानं पाहत होतो. तो पुढे निघून जातो, आम्ही मागे राहतो, असं वाटायचं. पण तो वेग तो कशावर उभा राहून मिळवत होता? दाराच्या पायरीवर, अर्ध्या पावलावर. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला एक नाव आहे, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. घरी जमिनीवर खडूनं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून पाहा आणि त्यात सोळा माणसं मनात उभी करा. त्यातली दोन-तीन चौकोनाबाहेर गेल्याशिवाय राहत नाहीत. लोकलमध्ये चौकोनाबाहेर म्हणजे दाराबाहेर.

म्हणजे भांडण मुंब्र्याच्या आणि बदलापूरच्या माणसाचं नाहीच. दोघांना मिळून जेवढी जागा लागते तेवढी गाडीत नाही, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या दोन मिनिटांवरून भांडतो आहोत. एका ताटावर दोन भुकेल्यांना बसवलं की ते एकमेकांच्या घासाकडे बघणारच. ताट किती मोठं हवं, हा प्रश्न त्यांनी वाढणाऱ्याला विचारायचा असतो.

तो प्रश्न विचारायचा झाला, तर मी तीन-चार साध्या गोष्टी मागेन. पहिली, धीम्या गाडीला कमी लेखू नका. धीमी गाडी धीमी आहे म्हणून माणूस वैतागत नाही. ती कधी येईल याचा भरवसा नसला की वैतागतो. भरवशाची आणि पाठोपाठ येणारी धीमी गाडी मिळाली, तर निम्मे लोक जलदच्या मागे धावणार नाहीत. सीएसएमटी-पनवेलच्या हार्बर मार्गावर तर सगळ्याच गाड्या धीम्या. तिथला माणूस 'फास्ट पकडू की स्लो' हा प्रश्न न विचारता सव्वा-दीड तास बसून जातो. त्याला फक्त गाडी वेळेवर हवी असते.

दुसरी, गाडी बदलणं सोपं करा. रूळ आता उचलून दुसरीकडे टाकता येणार नाहीत, पण रुंद पूल आणि चालू असलेले सरकते जिने तर देता येतात. तिसरी गोष्ट रेल्वेच्या हातातली नाही, कचेऱ्यांच्या हातातली आहे. कामाच्या वेळा मागेपुढे करा, असं आवाहन मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये कार्यालयांना केलं होतं. सगळ्या शहरानं सकाळी साडेनऊ-दहालाच खुर्चीत बसलं पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? आणि चौथी, थांबा देताना किंवा काढताना दोन्हीकडच्या प्रवाशांना समोरासमोर बसवा. बदलापूरच्या त्या तरुणाशी माझं वीस मिनिटं बोलणं झालं. ते भांडण नव्हतं. घाटकोपरला गर्दी आत आली तेव्हा त्यानं मला हातानं आत ओढून घेतलं.

जूनच्या त्या अपघातानंतर नव्या साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं आणि हवा खेळती राहील अशी रचना देण्याचं रेल्वेनं जाहीर केलं. दारं यावीत, जरूर यावीत. पण दार बंद झालं की दाराबाहेर लटकणारी माणसं फलाटावर राहतील, आणि त्यांना पुढच्या गाडीची वाट बघावी लागेल. ती पुढची गाडी किती मिनिटांनी येणार, हे दारांबरोबरच ठरवायला हवं.

माझी नोकरी संपायला आता थोडीच वर्षं राहिली. सकाळी अजून धीम्या गाडीनंच निघतो. कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर, भांडुप, एकेक स्टेशन घेत गाडी जाते. प्रत्येक स्टेशनावर कुणी ना कुणी चढतं. त्याच्या डब्यातही दुपारची भाकरी असते, त्यालाही कुठेतरी वेळेवर पोचायचं असतं. वेळापत्रक करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा या गाडीनं पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत यावं, एवढीच माझी विनंती आहे. जागा मिळाली तर खिडकीशी बसवू. नाही मिळाली तर चौथी सीट आहेच.